मला वाचवलं त्या दिवशी

मी समुद्रकाठच्या उथळ खडकांत राहणारा एक मासा आहे, आणि आता मला म्हातारा म्हणायला हरकत नाही. मासा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो, तेवढा मोठा मी नाही. तुमची करंगळी समोर धरा, तिच्यापेक्षाही मी थोडा आखूडच भरेन. हे सगळं मी तुम्हांला दगडाखालून सांगतो आहे. मधेच माझं बोलणं थांबलं तर रागावू नका, मित्रांनो. वर पाऊल वाजलं की माझ्या तोंडचं पाणी पळतं, आणि पाण्यात राहणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळणं ही काही साधी गोष्ट नाही.

रूपाच्या बाबतीत माझी बाजू लंगडीच आहे. अंग चपटं, डोकं बेडकासारखं रुंद, आणि अंगावर औषधाला एक खवला नाही. त्याऐवजी बुळबुळीत कातडी आहे. रंग दगडासारखाच तपकिरी, त्यावर फिकट गुलाबी ठिपके. ते ठिपके मला आवडतात, पण कौतुक करायला जवळ येणारा बहुधा मला खायलाच आलेला असतो, म्हणून मी ते मिरवत नाही. इतर माशांना पोटाखाली जिथे पर असतात, तिथे मला एक गोल चकती आहे. ती दगडावर टेकवून जरा दाब दिला की मी दगडाला घट्ट चिकटतो. मग लाट येवो, दुसरी लाट येवो, मी जागचा हलत नाही. पोहण्यात मात्र सगळा आनंदीआनंद आहे. पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे पकड सुटली की मी खड्यासारखा बुडतो. म्हणून या दगडावरून त्या दगडावर जायचं म्हटलं तरी मला दहादा विचार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरूनच झाला. ओहोटीला आमच्या खडकांवरचं पाणी निघून जातं आणि दगड उघडे पडतात. त्या वेळी मी पाण्याबरोबर जात नाही. दगडाच्या खालच्या बाजूला, ओलसर काळोखात, मी उलटा चिकटून बसतो. कातडी ओली असली की मला पाण्यावाचून बराच वेळ निभावता येतं. भरती आली की पाणी परत घरी येतं. यात मला कसलाही त्रास होत नाही, उलट तेवढा वेळ मोठे मासे लांब असतात म्हणून मला जरा डोळा लागतो.

माझा जन्म अशाच एका दगडाखाली झाला. आमच्यात आई दगडाच्या पोटाला अंडी चिकटवते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. पुढचं सगळं बाळंतपण बापाच्या गळ्यात पडतं. बाप अंड्यांवर पांघरुणासारखा पसरतो, परांनी वारा घालतो, कचरा झटकतो आणि खायला आलेल्यांना हुसकावून लावतो. मी अंड्यात होतो तेव्हा मला माझ्या बापाचं फक्त पोट दिसायचं. पुढे कुठे तो भेटला असता तरी मी त्याला तोंडावरून ओळखलं नसतं. पण ते पोट मी अजूनही विसरलेलो नाही.

अंड्यातून निघालो तो थेट उघड्या समुद्रात. तेव्हा माझं अंग काचेसारखं आरपार होतं आणि चकतीचा पत्ताच नव्हता, त्यामुळे चिकटणार तरी कशाला? पाणी नेईल तिकडे जायचं आणि समोर दिसणारं प्रत्येक तोंड टाळायचं, एवढंच काम. माझ्याबरोबर निघालेली भावंडं आज इथे होती, उद्या नव्हती. मी कसा वाचलो ते विचारू नका. मी शूर नव्हतो. मी इतका घाबरत होतो की सगळ्यांच्या मागे राहायचो, आणि पुढे जाणारे आधी खाल्ले जायचे.

चकती उगवली तसा मी जड झालो आणि या खडकांवर येऊन पडलो. मग सुरू झाली घराची शोधाशोध. दगड फार लहान असला तर लाटेत लोळतो. फार मोठा असला तर त्याच्याखाली वाळू गच्च बसलेली असते. खाली बोटभर फट हवी, पाणी खेळतं हवं, आणि शेजार बरा हवा. कितीतरी दगड पाहिले, प्रत्येकात खोड निघाली. मी जरा किरकिरा आहे हे मला मान्य आहे. शेवटी ताटाएवढा, एका अंगाला उचललेला एक दगड मला पसंत पडला. शेजारच्या दगडाखाली एक खेकडीण राहायची. ती तोंडानं फटकळ होती, पण तिच्या नांग्यांच्या भीतीनं चोरचिलट तिकडे फिरकत नसे. मी इवलाले शिंपले आणि कोळंबीची पिल्लं खायचो, दगडाचं पोट स्वच्छ ठेवायचो आणि काळजी करायचो. उमेदीची वर्षं अशी गेली.

माणसांनी माझी दखल फारशी घेतली नाही. जाळ्यात माझा उपयोग नाही आणि ताटातही नाही. एकदा एक शिक्षिका तिच्या वर्गाला घेऊन आली होती. तिनं माझा दगड हळूच तिरपा केला आणि म्हणाली, "बघा, किती लहान आहे, तरी केवढ्या ऐटीत बसलाय!" मुलं "अय्या" म्हणाली. मी भीतीनं गोठून बसलो होतो, त्याला ती ऐट म्हणत होती. मग कोणाला तरी तारामासा दिसला आणि सगळा वर्ग तिकडे पळाला. शिक्षिकेनं मात्र दगड नीट खाली ठेवला. माझ्या वाट्याला आलेली शाबासकी म्हणाल तर ती एवढीच.

आमच्याकडे नेमानं यायच्या त्या दोघी, एक सासू आणि एक सून. गळाला लावायला आमिष लागतं, त्यासाठी दगडांखालचे लांबट किडे गोळा करण्याचं त्यांचं काम होतं. मोठी ओहोटी असली की त्या बादली आणि लोखंडी आकडा घेऊन खडकांवर उतरायच्या. सासूचा जन्म याच किनाऱ्यावर गेलेला. सून समुद्रापासून लांबच्या गावची, नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि पहिल्यांदा लाट अंगावर आली तेव्हा म्हणे सासूच्या पाठीमागे लपली होती.

त्यांची कामाची एक पद्धत होती. सासू पुढे चालायची, आकडा घालून दगड उलटायची आणि पुढच्या दगडाकडे जायची. सून मागून यायची, किडे वेचून बादलीत टाकायची आणि दगड परत होता तसा ठेवायची. सासू याला "दार लावणं" म्हणायची. दगड उलटताना ती मान न वळवता विचारायची, "दार लावलंस का गं?" मागून उत्तर यायचं, "लावलं हो, आई." असं दिवसभर चालायचं. दगडाखाली राहणाऱ्याला लोकांचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरी करमणूक ती काय? मला तर त्या प्रश्नोत्तरांची सवय झाली होती. माझा दगड उलटला तरी मला ठाऊक असायचं की एक ओरडेल, दुसरी 'हो' म्हणेल आणि अंधार परत येईल. तरी दरवेळी माझा जीव टांगणीला लागायचा, ते सोडा. सासू मला ओळखायचीसुद्धा. "हा बघ, चिकट्या बसलाय," असं एकदा ती स्वतःशीच पुटपुटली होती. सून तेव्हा मागे, बादलीशी झटापट करत होती. तिनं काही ते ऐकलं नाही.

त्या वर्षी माझ्या दगडाखाली अंडी होती. आधीच्या वर्षांतही झाली होती, पण इतकी कधीच नाही. एकाला एक लागून, पिवळ्या मण्यांचा एक पट्टाच्या पट्टा. आई आपल्या वाटेनं गेली आणि मी राहिलो. मी वारा घालत होतो. मी खात नव्हतो, कारण खायला गेलो आणि तेवढ्यात कोणी आलं तर? झोपत नव्हतो, कारण झोप लागली आणि पर थांबले तर? खेकडीण म्हणाली, "असा वाळत राहिलास तर पोरं निघायच्या आधी तूच मरशील." मला तिचाही संशय येऊ लागला, की ही माझ्या मरणाची वाट बघत नसेल कशावरून. मग एके दिवशी मण्यांच्या आत काळे ठिपके दिसले. डोळे होते ते. मी इकडे सरकलो की ते इकडे वळायचे, तिकडे सरकलो की तिकडे. माझ्याकडे इतकं टक लावून आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी काळजी दुप्पट झाली.

आणि मग ती ओहोटी आली. पाणी उतरलं, दगड उघडे पडले आणि वर पावलं वाजली. पण या वेळी एकाच माणसाची. सासूचा गुडघा धरला होता म्हणून ती लांब, काठाच्या खडकावर किडे निवडत बसली होती. खडकांवर सून एकटी होती. आकडा तिच्याच हातात आणि बादलीही तिच्याच हातात.

खण्णकन आकडा लागला. माझं घर फिरलं. खालचं वर झालं आणि सूर्य थेट माझ्या पाठीवर आला. मी अंड्यांवर दबून बसलो आणि दार लागायची वाट बघू लागलो.

"अगं बाई!" सून ओरडली. "पाणी गेलं आणि हा इथेच राहिला की! मरेल ना बिचारा!"

मरत बिरत नव्हतो हो मी! पण ते तिला सांगणार कसं? तिनं आकडा टाकला, बादली टाकली, आणि दोन बोटांनी मला बाजूनं धरून उचललं. ते इतकं अचानक झालं की चकती नीट दाबायलाही मला सवड मिळाली नाही. तिनं मला ओंजळीत घेतलं आणि ती धावत सुटली. शेवाळावरून दोनदा घसरली, तरी ओंजळ सोडली नाही. खडकांच्या बाहेरच्या कडेला एक खोल चर आहे, आमच्यातले सगळे त्याचं नाव काढलं तरी गप्प होतात. त्या चरापाशी ती वाकली आणि तिनं मला पाण्यात सोडलं.

"जा रे बाबा," ती म्हणाली. "जगलास बघ!"

तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला तिचा धड रागही करता येईना. आणि रागावायला वेळ होता कुठे? मी बुडत होतो.

चराच्या तळाशी वाळू असते, मित्रांनो. तुम्हांला त्यात काही वाटायचं नाही. पण ज्याचं सगळं आयुष्य घट्ट धरून राहण्यात गेलं, त्याला वाळूवर टाकणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. चकती टेकवली की वाळू सरकायची. पुन्हा टेकवली, पुन्हा सरकली. वरून मोठमोठ्या सावल्या जात होत्या. शेवटी एक फुटका शिंपला हाती लागला, मी त्याला चिकटलो, आणि थरथर थांबल्यावर मला एकच गोष्ट सुचली. दार लावलं असेल का?

लावलं असेल, मी स्वतःला समजावलं. ती कधी विसरत नाही. पण मग दुसरं मन म्हणालं, ती विसरत नाही ते सासू विचारते म्हणून. आज विचारायला कोण होतं? ती तर मला घेऊन धावली. आकडा तिथेच पडला, बादली तिथेच पडली, मग दगड? उन्हात वळलेले ते काळे डोळे मला दिसू लागले आणि मी शिंपला सोडला.

चराच्या कातळापर्यंत मी कसा पोचलो ते मला नीट आठवत नाही. कातळ लागला तसा मी वर चढू लागलो. चिकटायचं, सोडायचं, उडी मारायची, पुन्हा चिकटायचं. एका भोकातून एका वामीनं, त्या सापासारख्या लांबलचक माशानं, तोंड बाहेर काढलं. मी तिच्या नाकासमोर कातळाचा एक ठिपका होऊन बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी श्वाससुद्धा घेतला नाही. तिला कंटाळा आला तेव्हा ती आत गेली. एरवी मी तिथून दिवसभर हललो नसतो. पण त्या दिवशी भ्यायलासुद्धा मला फुरसत नव्हती.

वरच्या कडेला आलो आणि अडलो. पुढे पाणीच नव्हतं. खडक कोरडे, ऊन रणरणतं, आणि माझा दगड त्या उन्हाच्या पलीकडे. इतकी वर्षं मी भरतीला घाबरत आलो होतो, कारण तिच्याबरोबर मोठे मासे येतात. त्या दिवशी मी काठाशी चिकटून भरतीला हाका मारत होतो. ये बाई, लवकर ये, येताना कोणाला घेऊन यायचं त्याला घेऊन ये, पण ये. ती आपल्याच चालीनं आली. पाण्याला कोणाची घाई नसते.

पाणी खडकांवर चढलं तसा मी निघालो. दगडामागून दगड, सगळे सारखेच दिसत होते. पण माझ्या दगडाची, माझ्या अंड्यांची पाण्यात एक चव असते. ती जिभेवर लागली आणि मी वळलो. पुढे खेकडीण तिच्या दारात उभी होती. एरवीसारखं फटकळ बोलायचं सोडून ती नांग्या आवरून बाजूला सरकली. तेव्हाच मी समजलो.

दगड उलटाच होता. पिवळा पट्टा वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दोन रंगीत मासे तो टिपत होते, जेवायला बसल्यासारखे शांतपणे. मी त्यांच्या अंगावर गेलो. माझ्याहून किती मोठे होते ते, मी बघितलंच नाही. मी चावलो, धडकलो, जीव खाऊन ओरडलो, आणि बहुधा या वेड्याच्या नादी कोण लागेल म्हणून ते निघून गेले. मग मी खाली बघितलं. पट्ट्याच्या मधोमध अंडी पांढरी पडली होती. त्यांच्यातले डोळे वळत नव्हते. मी इकडे सरकलो, तिकडे सरकलो, पुन्हा इकडे. नाही वळले.

एका कडेला मात्र दगड खेकडिणीच्या दगडाला टेकला होता आणि शेवाळाची एक झिपरी त्यावर पडली होती. तेवढ्या सावलीत, तेवढ्या ओलाव्यात, थोडी अंडी अजून पिवळी होती. मी त्यांच्यावरून सरकलो. डोळे वळले. मित्रांनो, मी तिथेच त्यांच्यावर पसरलो आणि मोठ्यानं रडलो. समुद्रात रडणाऱ्याचं एक बरं असतं, कोणाला दिसत नाही.

रात्रीची ओहोटी गार होती, ती निभावली. दिवसाच्या ओहोटीचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. पाणी उतरलं, ऊन आलं, आणि लाटेनं शेवाळाची झिपरीही ओढून नेलेली. मला दगडाखाली जाता आलं असतं. तिथे ओल होती, सावली होती. तिथे माझ्या जिवाला धोका नव्हता. पण सावली करायला तिथे माझ्या अंगाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मी मण्यांवर अंग ताणून पसरलो. पाठ सुकू लागली. आधी खाज सुटली, मग आग झाली, मग काहीच जाणवेना, आणि त्या काहीच न जाणवण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. वर एक पांढरा पक्षी गिरक्या घालत होता. तेवढ्यात पावलं वाजली. या वेळी दोघींची.

"जपून हं आई, इथे शेवाळ फार आहे."

"मला शिकवतेस होय! गुडघा दुखतोय, डोकं नाही." सासूचा आवाज. "काल एकटीनं बरंच काम उरकलंस म्हणायचं."

"काम तर उरकलंच, वर एक जीवही वाचवला." सुनेच्या आवाजात अजून कालचा आनंद होता. "एवढासा मासा होता हो. पाणी गेलेलं आणि हा तसाच दगडाला चिकटून बसलेला. उचलला आणि चरात सोडून आले."

सासूची पावलं थांबली. "चिकटलेला? डोकं बेडकासारखं?"

"हो. तुम्हांला कसं कळलं?"

"अगं, तो इथलाच आहे! पाणी गेलं तरी तो दगडाखाली तसाच असतो. वाचवलास कसला, राहत्या घरातून उचलून बाहेर फेकलास त्याला!"

"मला काय ठाऊक? मासा म्हणजे पाण्यात असायचा, एवढंच मला माहीत."

"बरं, ते जाऊ दे. दगडाचं दार लावलंस ना?"

मागून उत्तर आलं नाही. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं ऐकत होतो.

"मी त्याला घेऊन धावत गेले ना," सून शेवटी म्हणाली. "परत येऊन आनंदाच्या भरात आकडा-बादली उचलली आणि पुढे गेले. दार आठवलं तेव्हा कुठला दगड तेच कळेना. सगळे सारखेच दिसत होते. आणि पाणी वाढायला लागलं होतं."

"वर शेवाळ नसेल, माथा बोडका दिसेल तो उलटा," सासू एवढंच म्हणाली. "तू तिकडून बघ, मी इकडून बघते."

त्या शोधू लागल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला ओलावा कुठे उरला होता? पावलं लांब गेली, जवळ आली, पुन्हा लांब गेली. मग माझ्यावर एक सावली पडली आणि सून किंचाळली.

"आई! हा बघा! कालचाच आहे! परत आलाय आणि पुन्हा कोरडा पडलाय. थांब रे, आता जवळच्या डबक्यातच ठेवते."

तिची बोटं माझ्या दोन्ही बाजूंना लागली. पुन्हा तीच बोटं, तोच प्रेमळपणा. मला वाटलं, संपलं सगळं. अंड्यांच्या दोन ओळींच्या मधे उघड्या दगडाची एक बारीक पट्टी होती. तिथे मी चकती दाबली, आणि अंगात जो काही जीव उरला होता तो सगळा तिथे लावला. तिनं ओढलं. मी सुटलो नाही. तिनं जरा जोरात ओढलं. कातडी ताणली गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी सुटलो नाही. अहो, दगड थोडा हलला, मी नाही हललो.

"ओढू नकोस!" सासू लंगडत धावत आली. "सुटत नाही म्हणजे त्याला सुटायचं नाहीये. वाक जरा. बघ काय आहे खाली."

सून वाकली. तिचा चेहरा इतका जवळ आला की तिचा श्वास माझ्या पाठीला लागला.

"आई, मणी आहेत. पिवळे. आणि त्यांना डोळे आहेत हो. माझ्याकडे बघतायत."

"पोरं आहेत त्याची."

"आणि ही पांढरी?"

सासूनं नुसती मान हलवली. सून खडकावर मटकन बसली आणि तोंडावर हात ठेवून रडू लागली. "मी वाचवायला गेले होते," ती म्हणत होती. "आई, मी वाचवायला गेले होते."

"रडायचं ते मागाहून," सासू म्हणाली. "आधी दगड धर."

सुनेनं जवळच्या खळग्यातून ओंजळीनं पाणी आणलं आणि माझ्यावर हळूहळू सोडलं. ते पाणी पाठीवर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून आहे. मग दोघींनी दोन बाजूंनी दगड उचलला आणि परत सुलटा केला. आता मी खाली तोंड करून लोंबकळत होतो आणि खालची जमीन वर येत होती. दोन माणसांच्या हातातला जड दगड, जरा कुठे निसटला तर माझा आणि पोरांचा चेंदामेंदा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती कुठली असं विचाराल तर ती वामीची नाही, उन्हाचीही नाही, ती या क्षणाची आहे. सासूनं आपली बोटं दगडाखाली शेवटपर्यंत तशीच ठेवली होती.

"बोटं काढा ना आई, चेंगरतील."

"चेंगरली तर चेंगरू देत. फट नीट राहिली पाहिजे. हळू... अजून हळू. हं."

बोटं निघाली आणि अंधार झाला. ओला, गार अंधार. बाहेर कोणीतरी अजून मुसमुसत होतं, पण मला आत अंड्यांना वारा घालायचा होता.

पुढे एका मोठ्या भरतीला पोरं निघाली. काचेसारखी आरपार, एकेक करून बाहेर पडली आणि पाण्यानं नेली. मागे वळून कोणी बघितलं नाही, आणि तेच बरोबर आहे. किती निघाली ते मी मोजलं नाही. पांढऱ्या झालेल्यांची जागा मात्र मी कितीतरी दिवस साफ केली नाही. मला ते जमलं नाही.

ती सून अजूनही येते. सासूचा गुडघा आता तिला खडकांवर येऊ देत नाही. सून एकटीच उलटते, एकटीच वेचते आणि एकटीच मोठ्यानं विचारते, "लावलं का गं?" आणि मग स्वतःच उत्तर देते. माझ्या दगडाला तर ती हातच लावत नाही, वळसा घालून जाते. ती चांगली मुलगी आहे. आणि तरीही, खरं सांगतो मित्रांनो, तिचं पाऊल ओळखू आलं की मी आजही थरथरतो. चांगल्या माणसाचं पाऊल आहे हे ठाऊक असूनही.

कारण आता पावलं वाढली आहेत. सुट्टीच्या दिवशी लोक गटागटानं येतात, छोट्या बादल्या आणतात, दगडामागून दगड उलटतात, "काही नाही इथे" म्हणतात आणि पुढे जातात. कोणी कोणाला काही विचारत नाही. संध्याकाळी खडक बघवत नाहीत. सगळीकडे बोडके माथे.

या वर्षी माझ्याकडे पुन्हा अंडी आहेत. बहुधा ही शेवटचीच, कारण हल्ली वारा घालताना माझे पर लवकर थकतात. कालच त्यांच्यात काळे ठिपके दिसले.

म्हणून तुम्हांला एवढंच सांगतो. तुम्ही या, जरूर या. दगड उचलावासा वाटला तर एकच उचला, आणि त्याच्या पोटाकडे नीट बघा. तिथे कोणी चपटा, ओबडधोबड मासा घट्ट बसलेला दिसला तर त्याची कीव करू नका. त्याला ओंजळीत घेऊ नका, पाण्यात सोडू नका, त्याला वाचवू नका. दोन्ही हातांनी तो दगड होता तसाच, हळूच खाली ठेवा. आम्ही तिथे राहतो.